नवतपा सुखाचा जावो

एप्रिल लागला की पेपरात ती चौकट येतेच. भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. नागपुरात बारा ते चार घरी बसणारा माणूस एकतर निवृत्त असतो, नाहीतर ती चौकट लिहिणारा असतो. तुम्ही या दोन्हींत बसत नसाल तर राजेहो, हा लेख तुमच्यासाठी आहे. खालचे सगळे उपाय घरगुती आहेत आणि इथल्या मातीतले आहेत. माती म्हणजे सिमेंट, हे ओघानं आलंच.

सगळ्यात आधी, उष्णतेची लाट आहे की नाही ते नीट ठरवून घ्या. नसताना उगाच घाम गाळण्यात अर्थ नाही. सपाटीवरच्या गावात पारा 40 च्या वर जाऊन सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी चढला, किंवा त्यानं थेट 45 गाठले, की हवामान खातं लाट म्हणतं. आता मे महिन्यात नागपूरची सरासरीच 42-43 च्या घरात असते. त्यामुळे 44.5 ला तुमचा मेंदू वितळायला लागला तर तो बेकायदा वितळतो आहे, असं समजून त्याला आवरा. आकडे पाहण्यात करमणूक मात्र भरपूर आहे. 30 मे 2024 ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले आणि सोनेगावच्यानं 54. जन्मभर 46-47 वर समाधान मानत आलेल्या शहराला कुणीतरी पहिल्यांदाच न्याय दिला होता. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना स्क्रीनशॉट गेले, परदेशातल्या मुलांचे फोन आले. मग खुलासा झाला की सेन्सर बिघडला होता. उन्हात उभ्या असलेल्या यंत्राचं डोकं फिरलं तर खुलासा निघतो. माणसाचं फिरलं तर घरचे म्हणतात, कांदा ठेवला होता का खिशात?

आता गारव्याकडे वळू. नागपुरी घराचं कुलदैवत लोखंडी कूलर. मार्चमध्ये त्याला गच्चीवरून उतरवायचं, तळाचा जंग खरवडायचा, गळती थांबावी म्हणून आतून डांबर फासायचं आणि तिन्ही बाजूंची खस बदलून घ्यायची. पहिल्यांदा पाणी सोडलं की ओल्या खशीचा जो वास घरभर पसरतो, त्याच्यासाठी हा माणूस उरलेले तीन महिने सहन करायला तयार होतो. यंत्र साधं आहे: कोरडी हवा ओल्या खशीतून जाते, पाण्याची वाफ होते, हवा गार होते. हवेत ओल कमी तोवरच ही जादू चालते. म्हणून मुंबईचा पाहुणा आला की त्याला कूलरसमोर बसवा आणि तो 'तुमच्याकडे ड्राय हीट असते, आमच्यासारखं चिकचिक नाही' हे वाक्य किती वेळात म्हणतो त्यावर घरात पैज लावा. म्हटल्यावर त्याला दुपारी दोन वाजता सीताबर्डीवर काहीतरी आणायला पाठवा. एक सूचना मात्र गंमत म्हणून घेऊ नका: पाणी भरताना प्लग काढा. कूलरचा शॉक लागून माणसं जातात. ती बातमी दर उन्हाळ्यात येते आणि त्या चौकटीहून लहान छापली जाते.

कूलरला पाणी फार लागतं, आणि ते नेमकं मे महिन्यात नळाला नसतं. घाबरू नका, टिल्लू पंप आहे. हातात मावेल एवढी मोटर नळाच्या लाइनला जोडायची की गल्लीतलं पाणी ज्याला पहिली जाग आली त्याच्याकडे जातं. शेजारच्या काकू रिकामी बादली घेऊन आल्या तर तुम्हीही काळजीच्या सुरात विचारा, 'तुमच्याकडेही धार बारीकच आहे का हो?' पंप जप्त करणारे लोक आल्याची बातमी गल्लीत त्यांच्याआधी पोचते. तेवढ्या वेळात टिल्लू गव्हाच्या डब्यात छान बसतो.

ऐपत असेल तर सरळ दीड टनाचा एसी घ्या. एसी थंडी तयार करत नाही. तो तुमच्या खोलीतली गरमी उचलतो, तिच्यात स्वतः खाल्लेल्या विजेची गरमी मिसळतो आणि सगळं बाहेर फेकतो. तेव्हा मुख्य कौशल्य बाहेरचा डबा कुठे लावायचा यात आहे. स्वतःच्या गॅलरीकडे लावणारा अडाणी समजावा. शेजाऱ्याच्या खिडकीपासून हातभर अंतर उत्तम. शेजाऱ्याची खोली तापली की तोही एसी घेईल, त्याचा डबा त्याच्या शेजाऱ्याकडे तोंड करेल, आणि अशा रीतीनं सगळी गल्ली गार होईल. शेवटच्या टोकाला ज्याची टिनाची खोली आहे त्यानं आपलं बघावं. मग रात्री अकराला डीपीत फट्ट आवाज होऊन अंधार झाला की सगळे खाली उतरा. कोराडी आणि खापरखेड्याचे वीजप्रकल्प शहराच्या वेशीवरच आहेत. राख इथे, धूर इथे, तेव्हा विजेनं थोडी राज्यभर हिंडायची हौस केली तर रुसू नये. शिवाय रस्ता आहेच. दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री उशिरापर्यंत पायाला शेक देतं. गुडघेदुखीवाल्यांना हे केंद्र पूर्ण मोफत आहे, आणि ते सुरू ठेवायला वीज लागत नाही.

झाडाखाली का बसत नाही, असं विचारणारे लोक अजून आहेत. बाप्पा! झाड आहे ना, कागदावर. राज्याच्या वृक्षकायद्यात 2021 च्या दुरुस्तीनं अशी सोय केली आहे की पन्नास वर्षांहून जुनं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. म्हणजे साठ वर्षांचा कडुनिंब तोडल्यावर साठ रोपं. शहराबाहेर कुठेतरी ती लागतीलच. तुम्ही फक्त आणखी साठ वर्षं त्या चौकात उभे राहा. तोवर सिग्नलवर हिरवी जाळी बांधतात ना! लाल दिवा लागला की जाळीखाली थांबायचं, जाळी दहा गाड्यांपुरती, गाड्या चाळीस. अकराव्या दुचाकीवाल्याचं दुपट्ट्यातून दिसणारं डोळ्यांचं तेवढं तोंड पाहण्यासारखं असतं. भर दुपारी काही सिग्नल बंदही ठेवतात. तेव्हा कोण आधी जाणार हे ज्यानं त्यानं आपसात ठरवायचं, आणि ती करमणूक जाळीपेक्षा सरस आहे.

सरकारी गारवा खरोखर हवा असेल तर वाघ व्हा. महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्याला कूलर लागतो, वरून हिरवी जाळी येते, अंगावर पाण्याचे फवारे मारतात, आणि पेपरवाले येऊन फोटो काढतात. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे. तुमचं कुठल्याच अनुसूचीत नाही. तुमच्यासाठी आराखडा आहे. अहमदाबादनं 2013 मध्ये उष्माघाताचा आराखडा केला, नागपूरनं 2016 मध्ये. त्यात दुपारी बागा उघड्या ठेवण्यासारख्या चांगल्या गोष्टी आहेत, हे उपरोधानं म्हणत नाही. फक्त बागेपर्यंत चालत जाण्याचा रस्ता आराखड्यात सावलीचा आहे की नाही, ते जाणाऱ्यानं जाऊन पाहावं.

संध्याकाळी फुटाळ्यावर जा. तलावात मोठा खर्च करून संगीत कारंजी बसवली. मग हा तलाव कायद्यानं पाणथळ की नुसताच माणसानं बांधलेला, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तुम्ही काठावर उभं राहून मक्याचं कणीस खा आणि कारंजी उडत आहेत अशी कल्पना करा. कल्पनेला तिकीट नाही.

पण खरी करमणूक म्हणजे लग्नं. मे महिन्यात ऐन दुपारचा मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींचा जाहीर सत्कार व्हायला हवा. लॉनवर मांडव, मांडवात चार मोठे कूलर, आणि आठशे खुर्च्यांमधल्या वाऱ्याच्या झोतातल्या मोजून साठ. लवकर जाऊन त्यांतली एक धरा आणि आहेर देण्यासाठीही उठू नका, पाकीट पुतण्याच्या हाती पाठवा. मंगलाष्टकात 'सावधान' म्हटलं की लोक खरोखर सावध होतात, कारण अक्षता टाकायला जो उठेल त्याची जागा जाणार असते. नवरदेव मखमली शेरवानीत, फेट्याखालून घामाची धार, आणि फोटोग्राफर म्हणतोय, 'भाऊ, स्माइल.' नवरीचा मामा तेवढा सुखात असतो. त्यानं मठ्ठ्याच्या पातेल्याशेजारी देखरेखीचं काम मागून घेतलेलं असतं.

इतकी मजा आपण एकट्यानं करणं बरं नाही. 1953 च्या नागपूर कराराप्रमाणे सरकार दरवर्षी काही दिवस इथे मुक्कामाला येतं. येतं डिसेंबरात, स्वेटर घालून, संत्री आणि हुरडा खायला. 2018 मध्ये एकदा पावसाळी अधिवेशन भरवून पाहिलं, तर पावसानं विधानभवनाची वीजच घालवली. आता उरला उन्हाळा. तेव्हा 25 मे ते 2 जून, म्हणजे वर्षातले सगळ्यात तापलेले मानतात ते नवतप्याचे नऊ दिवस, अधिवेशन इथेच घ्यावं अशी मागणी करा. निवेदन द्यायला दुपारी एकला जा. साहेब भेटणार नाहीत, पण त्यांच्या दालनाचा एसी चालू असतो आणि वाट पाहायला कुणी मना करत नाही.

यांतलं काहीच जमलं नाही तर चौकटीतला सल्ला पाळा. बारा ते चार घरातच थांबा, पडदे ओढा आणि मोबाइलवरून आइस्क्रीम मागवा. बाहेर 45 असताना ते वीस मिनिटांत दारात येतं. आणणाऱ्या पोराचं तोंड दुपट्ट्यात बांधलेलं असतं, त्यामुळे ओळख काढायची भानगड राहत नाही. दार फार वेळ उघडं ठेवू नका, गारवा जातो. आइस्क्रीम वितळलेलं निघालं तर फोटो काढून तक्रार टाका, पैसे परत मिळतात आणि तारे त्याचे कापले जातात.