तुम्ही असायला हवं होतं, भाऊजी!

माझ्या मेहुण्याला कुठलीही गोष्ट एकट्याने आवडत नाही. वडापाव आवडला तर तोच वडापाव दुसऱ्याने खाऊन मान डोलावेपर्यंत त्याला घास उतरत नाही. असा माणूस परदेशी बँड, तलावाकाठचे महोत्सव, स्टँडअपवाल्यांचे शो आणि शुक्रवारी लागलेले सिनेमे एकट्याने कसा पचवणार?

तो राहतो कोपरखैरण्याला, आम्ही ठाण्यात, पाचपाखाडीला. २००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली तेव्हा सगळ्या ठाण्याबरोबर मीही खूश झालो होतो. पुढे मेहुणा त्याच मार्गावर घर घेईल, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? आता काहीही बघून झालं की तो ती गाडी पकडतो आणि अंगातला उत्साह उतरायच्या आत आमच्या सोफ्यावर येऊन बसतो.

तसा मीही अरसिक नाही. मला नाटक आवडतं. महिन्या-दोन महिन्यांनी गडकरी रंगायतनला जातो, मध्यंतरात बटाटावडा खातो, तलावपाळीवरून चालत घरी येतो. ही विचारते, "कसं होतं?" मी म्हणतो, "बरं होतं." संपला विषय. फारच आवडलं असेल तर "बरं होतं की!" मधे गडकरी दुरुस्तीसाठी बंद होतं, ते २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. त्या सगळ्या काळात मला किती चुटपुट लागली होती, हे घरात कोणाला कळलंही नाही. मेहुण्याच्या मते हा गुन्हा आहे. आणि त्याच्या बहिणीच्याही मते. "तो बघा किती हौशी आहे! नाहीतर तुम्ही."

हौशीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरच्या वृत्तांताबद्दल. त्यातही स्टँडअपचा वृत्तांत सगळ्यात जड. मेहुणा मुळात विनोदाच्या शेवटापासून सुरुवात करतो. "तर तो म्हणतो, 'मग सोसायटीला विचारा!'... थांबा, थांबा, आधी ते पार्किंगचं सांगायला हवं." मग पार्किंगचं सांगतो. मग लक्षात येतं की पार्किंगच्या आधी एक सासरा होता. सासरा येतो. तोवर मेहुण्याला पुढचं आठवून हसू फुटलेलं असतं, त्यामुळे सासऱ्याचं नक्की काय झालं ते आजतागायत मला कळलेलं नाही. डोळे पुसत तो आमच्या तोंडाकडे बघतो. आम्ही सगळे तयारीत बसलेलो असतो. हसायचं कुठे, एवढंच कोणी सांगितलेलं नसतं. "नाही, म्हणजे तो बोलतो तेव्हा भारी वाटतं," असं म्हणून तो निर्णय देतो, "तुम्ही असायला हवं होतं, भाऊजी!"

सिनेमा त्या मानाने लवकर आटपतो. "शेवट सांगत नाही. फक्त धाकट्या भावावर लक्ष ठेवा." एवढं सांगितल्यावर थिएटरात तीन तास आम्ही दुसऱ्या कोणाकडे बघायचं?

बँडचे मात्र व्हिडिओ असतात. मोबाइल डोक्याच्या वर धरून काढलेले, त्यामुळे त्यात प्रामुख्याने इतरांनी डोक्याच्या वर धरलेले मोबाइल दिसतात. लांब मंचावर एक पांढरा ठिपका. "हा! हा तो!" आवाज मिक्सरमध्ये सुकं खोबरं टाकल्यावर येतो तसा. मी "छान आहे" म्हणतो. तो म्हणतो, "हे नाही, पुढे ऐका," आणि पुढे खोबरं जास्त बारीक होतं.

शेवटी कोल्डप्ले आले.

डी. वाय. पाटील स्टेडियमला हे नवं नाही. २०१७ मध्ये तिथे जस्टिन बीबर येऊन गेला, २०१९ मध्ये यू-टू. नेरूळच्या लोकांना आता सवय आहे. एरवी "नेरूळ फार आडबाजूला पडतं बाई" म्हणणारे नातेवाईक अशा आठवड्यात अचानक फोन करून तब्येतीची चौकशी करतात, आणि मग हळूच, "तुमच्या सोसायटीत गाडी लावता येते का हो?" पण कोल्डप्लेची तिकिटं सुटली तो सप्टेंबर २०२४ मधला रविवार मात्र आमच्या घरावरच आला. मेहुणा सकाळीच येऊन थडकला आणि त्याने घरातले सगळे मोबाइल गोळा केले. माझा, हिचा, मुलाचा, शिवाय मुक्कामाला आलेल्या सासूबाईंचा. डायनिंग टेबलावर ते ओळीने मांडून त्याने प्रत्येकाला एकेकावर बसवलं. बारा वाजता आम्ही सगळ्यांनी एकदम बोट टेकवायचं होतं. त्या बँडचं एकही गाणं मला माहीत नव्हतं, पण हात घामेजला होता हे खरं.

बारा वाजून काही मिनिटांनी माझ्या पडद्यावर नंबर उमटला. रांगेत माझ्यापुढे साडेसात लाखांच्या घरात माणसं होती. २०११ च्या जनगणनेत सबंध नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या अकरा लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे मेहुण्याच्या घरापासून स्टेडियमपर्यंत जेवढी वस्ती, तेवढी सगळी आपापल्या बाळागोपाळांसह माझ्यापुढे उभी होती. रेशनच्या रांगेत निदान पुढच्याची पाठ तरी दिसते. हिचा नंबर नऊ लाख. मुलाचं ॲप उघडलंच नाही. आणि सासूबाईंचा नंबर निघाला एकवीस हजार!

घरात शांतता पसरली. सासूबाईंच्या खुर्चीमागे आम्ही सगळे उभे राहिलो. आकडा उतरायला लागला. वीस, अठरा, पंधरा. "कोण येतंय रे एवढं?" त्यांनी विचारलं. मेहुण्याने इंग्लंडचा बँड वगैरे सांगितलं. "इंग्लंडचा? मग त्यांचं जेवणाखाण्याचं कोण बघतं?" आकडा चार हजारांवर आला आणि चिपळूणहून त्यांच्या बहिणीचा फोन आला. मेहुणा "आई, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी तो उचललासुद्धा. आमसुलांचा भाव, कोणाचं तरी गुडघ्याचं ऑपरेशन, पावसाने केलेला चिखल. परत ॲप उघडलं तेव्हा ते नव्याने नमस्कार करून नवा नंबर देत होतं. तो मी वाचला नाही. मेहुण्याने वाचला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

सगळ्यात वाईट गोष्ट पुढे घडली. ऑफिसातल्या कोणाचं तरी जमेना, म्हणून मेहुण्याला एक तिकीट मिळालं. फक्त एक. १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ असे तीन कार्यक्रम होते, त्यांतला रविवारचा. पंचावन्न हजारांच्या आसपास माणसं मावतील अशा स्टेडियममध्ये तो बिचारा एकटा पडला. बाजूच्यांना किती सांगणार? त्यांनीही तेच पाहिलेलं! साडेआठच्या सुमाराला त्याचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही जेवत होतो. पडद्यावर काळोख आणि लाल-पिवळे दिवे, मधेच त्याचं नाक. सासूबाईंनी वरण वाढता वाढता हात हलवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून तो सोफ्यावर हजर. घसा बसलेला, पण वृत्तांत खुणांनी चालू. येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटात कडं घालतात, गाण्याबरोबर सगळ्यांची कडी एकाच वेळी रंग बदलतात, आणि निघताना ती परत द्यायची असतात. हे परत द्यायचं सांगताना त्याचे डोळे भरून आले. "वनस्पतींपासून बनवतात, भाऊजी. कंपोस्ट होतं त्याचं."

"मग आणायचं होतंस की तुळशीला," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवशी मी हिशेब मांडला. न गेलेल्या कार्यक्रमाचा वृत्तांत मूळ कार्यक्रमापेक्षा लांबतो. तेव्हा पुढल्या वेळी आपणच सोबत जावं. जो माणूस तिथे होता, त्याला "तुम्ही असायला हवं होतं" कोण म्हणेल? दिवाळी पहाटेला तलावपाळीवर गेलोसुद्धा. पहाटे साडेपाचला तो उटण्याच्या वासासह दारात उभा होता. राम मारुती रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती. तिथे गाणं ऐकायला फारसं कोणी येत नाही, नवे कपडे दाखवायला येतात, असं माझं मत झालं. ते मी स्वतःजवळच ठेवलं.

मग त्याने घोडबंदर रोडजवळच्या एका स्टँडअप शोची तिकिटं काढली. पहिली रांग. मला वाटलं, पाहुण्याचा मान. पहिल्या रांगेत बसलेल्या पन्नाशीच्या माणसाचं तिथे काय करतात, हे माहीत असून तो बोलला नाही.

"काका, कुठून आलात?" माइकवाल्या पोराने विचारलं.

"पाचपाखाडी."

"म्हणजे खरे ठाणेकर! मागे कासारवडवलीवाले बसलेत, त्यांना ठाणं लांबून तरी दाखवा." मागे आरडाओरडा. "करता काय, काका?"

"बँकेत आहे. ऑडिटला."

"अरे देवा! मघापासून बघतोय, काका हसत नाहीयेत. ते विनोद तपासतायत!"

सगळा हॉल कोसळला. मेहुणा खुर्चीतून खाली सरकला. पुढचा तासभर तो पोरगा दर विनोदानंतर माझ्याकडे वळून "काका, पास?" असं विचारत होता, आणि मी मान डोलावली की माझ्याच मानेला टाळ्या पडत होत्या.

घरी आल्यावर निदान आज तरी शांतता, असं म्हणून मी सोफ्यावर बसलो. मेहुणा समोर उभा राहिला आणि त्याने माझ्यादेखत मलाच सांगायला घेतलं. अर्थात शेवटापासून. "मग तो म्हणतो, 'काका, पास?'... थांबा, आधी ते ऑडिटचं..." ही हसून हसून भिंतीला टेकली. मुलाने दोनदा सांगायला लावलं. सासऱ्याचं जे कधी जमलं नाही, ते माझं त्याला बरोबर जमलं होतं. आता हा वृत्तांत साखरपुड्यात, बारशाला, एकदा तर तेराव्यालाही झालेला आहे.

परवा त्याचा फोन आला. त्याच पोराचा नवा शो लागलाय, शनिवारी. मी नाही म्हणणार होतो, पण फोन स्पीकरवर होता.

"तो मुलगा जावईबापूंना परत काही बोलणार असेल," आतून सासूबाई म्हणाल्या, "तर मीही येते."

त्यांचं तिकीटही निघालंय. पहिल्याच रांगेतलं.