शेवट माहीत असूनही

एक मेसेज पुन्हा फिरतोय. ऑफिसच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, मावशीनेही पाठवला. विषय, 1999चा ‘द सिक्स्थ सेन्स’, मेलेली माणसं दिसणाऱ्या एका मुलाचा, कोलचा, सिनेमा. म्हणणं असं: शेवटचा धक्का कळला की या सिनेमात काही उरत नाही, असले सिनेमे भुताखेतांवरचा विश्वास वाढवतात, आणि त्या पोराची आईच मुळात बेफिकीर आहे. तिन्ही गोष्टी मला पटत नाहीत.

मला शेवट दादाने दादरहून ठाण्याला जाताना लोकलमध्ये उभ्याउभ्या सांगून टाकला होता. सिनेमा मी त्यानंतर पाहिला, आणि मला रडू आलं ते भलत्याच ठिकाणी. नऊ वर्षांचा कोल शाळेत एका माणसाचं चित्र काढतो, त्याच्या मानेत स्क्रूड्रायव्हर खुपसलेला. शाळेत बैठक बसते, आई रडते. तेव्हापासून तो हसरी माणसं, कुत्री आणि इंद्रधनुष्य काढतो. इंद्रधनुष्यासाठी कुणी बैठक बोलावत नाही, हे त्याला कळलेलं असतं.

बाबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. परळच्या चाळीत राहायचो. वहीच्या मागच्या पानावर मी जिना काढायचे, आणि जिन्यावर पडलेला एक माणूस. बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतलं. त्यानंतर मी दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि झोपडी काढायला लागले. प्रत्येक चित्राखाली ‘छान’ असा शेरा मिळायचा. कोलचं ते इंद्रधनुष्य पाहिलं आणि मला माझी झोपडी आठवली. यात शेवटाचा काय संबंध? म्हणून मी तो इथेही सांगत नाही, त्याची गरजच पडत नाही.

अंधश्रद्धेचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या राज्याला 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथे ही काळजी खरी आहे. माझी आजी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची, शेजारच्या काकू ‘बाहेरचं असेल’ म्हणायच्या. आजीवर राग नाही माझा, तिच्या हातात तेवढंच होतं. पण या सिनेमात मांत्रिक नाही, उतारा नाही. आहे तो एक बालमानसतज्ज्ञ, माल्कम. तोही आधी चुकतो. मुलाला भास होतात, इस्पितळात ठेवावं लागेल, असं टेपरेकॉर्डरमध्ये बोलून मोकळा होतो. मग एक दिवस तो जुन्या पेशंटची टेप काढतो, तीही एका मुलाचीच. माल्कम खोलीबाहेर गेला होता तेवढा तुकडा रिकामा वाटतो. तो आवाज वाढवतो, पुन्हा वाढवतो, आणि त्या शांततेत कुणीतरी स्पॅनिशमध्ये गयावया करत असतं. इतकी वर्षं टेप त्याच्याजवळच होती. त्यानंतर तो कोलला एवढंच सांगतो, तुला दिसणाऱ्या त्या मेलेल्यांचं ऐकून घे. कोल ऐकतो, म्हणून आईनेच विष घालून मारलेल्या एका मुलीचं सत्य तिच्या वडिलांपर्यंत पोचतं. भूत खरं की खोटं यापेक्षा इथे ऐकून घेणं मोठं आहे. हां, लहान मुलांना हा सिनेमा दाखवू नये. ती घाबरतील.

आता कोलची आई. लिन एकटी आहे, दोन नोकऱ्या करते. मुलाच्या अंगावर ओरखडे दिसतात तेव्हा डॉक्टरांचा संशय तिच्यावरच जातो. तरी ती त्याच्याशी खेळ खेळते, आज काय काय झालं ते खोटंखोटं सांगायचं. मला लॉटरी लागली, नोकऱ्या सोडल्या, कारंज्यात पोहले. तो सांगतो, मला खेळात सगळ्यांत आधी निवडलं, खांद्यावर उचलून घेतलं. दमलेल्या बाईला आणखी काय जमणार? लिन झालेली टोनी कोलेट आणि कोल झालेला 11 वर्षांचा हेली जोएल ऑस्मेंट, दोघांनाही ऑस्करचं नामांकन मिळालं ते अशा प्रसंगांमुळे, असं मला वाटतं.

परवा आईसोबत पुन्हा पाहिला. मी मधूनमधून मराठीत सांगत होते. वाहतूक अडलेली आहे, गाडीत कोल आईला आजीचा निरोप देतो, तिथे आईने माझा हात धरला. सिनेमा संपला, मी ताटं घेतली, तेव्हा ती म्हणाली, “तुझ्या त्या जिन्यावर बाबाच होते ना गं?”