कलाशिक्षणाची पदवी मिळाली? या, भिंत रिकामीच आहे

कलाशिक्षणाची पदवी हातात पडली आणि वर्गात शिकवायचं नाही असं ठरवलंत? उत्तम. 'आज चित्रकलेचा तास गणिताला द्या' हे ऐकण्यातून सुटलात. बाहेर संधींचा नुसता पूर आलाय. मी गेली काही वर्षं त्यातच गटांगळ्या खातेय, म्हणून चार अनुभवाचे बोल फुकट देते. फुकट द्यायची मला सवय झालीय, तुम्हालाही होईल.

पहिली संधी चित्रांतून मनावर उपचार करण्याची, म्हणजे आर्ट थेरपीची. हा शब्द एड्रियन हिल या चित्रकाराने १९४२ साली रूढ केला. क्षयाने सॅनेटोरियममध्ये पडून असताना चित्रं काढल्याने काय होतं, ते त्याने स्वतःवरच पाहिलं होतं. पुढे याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं, आणि ब्रिटनमध्ये तर नोंदणी नसताना स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवणं आज बेकायदा आहे. तुम्ही एवढं मनावर घेऊ नका. मंडलांचं, म्हणजे गोल नक्षी रंगवायचं पुस्तक आणा, मागे बासरी लावा, झालात थेरपिस्ट.

दुसरी, संग्रहालय. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९३७ मध्येच शिक्षण विभाग काढला आणि तो व्हिक्टर डी'अमिको या कलाशिक्षकाच्या हाती दिला. मुलाखतीत हे जरूर सांगा. समोरचे माना डोलावतील आणि विचारतील, "शनिवार-रविवार स्वयंसेवक म्हणून जमेल?"

मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायची असतील तर लेखक भेटेल. "गोष्ट तयार आहे, फक्त चित्रं राहिलीत." फक्त म्हणजे बत्तीस पानं.

नेपथ्य करायचंय? शिडीवर चढता येतं ना, मग झालं.

पण खरी संधी भित्तिचित्राची. गेल्या महिन्यात एका रुग्णालयातून फोन आला. मुलांच्या वॉर्डची भिंत रंगवायची होती. "मॅडम, पोरांना जरा बरं वाटेल असं काहीतरी." गेले. भिंत मोजली, चौदा फूट बाय नऊ. मग खाटेवर आडवी झाले. व्यवस्थापक बघतच राहिले. अहो, पोर दिवसभर झोपून बघणार, मग भिंत झोपूनच बघायला नको? उभ्याने छान दिसणारं चित्र त्याच्या नजरेत येतच नाही, त्याला दिसतो भिंतीचा वरचा पट्टा आणि पंखा. म्हणून जिराफाची मान पार वर नेली आणि स्विचबोर्डाला वळसा घालून खाटेकडे वाकवली. सलाईनच्या हुकाला माकड लटकवलं. कोपऱ्यात ओल होती, तिथे आधी गळती बंद करा, मग प्रायमर मारा, असं लिहून दिलं. तीन रात्री जागून मापासकट स्केच करून दिलं.

आणि मग मी तो अश्लील प्रश्न विचारला. पैशांचं काय?

"मॅडम, आजारी मुलांसाठी आहे हो."

मग वायरमन फुकट आला होता का? फरशीवाला? तो स्विचबोर्ड कुणी दान केलाय? "खाली तुमचं नाव टाकू ना!" प्लंबरला म्हणता का कधी, नळाखाली तुमचं नाव टाकतो म्हणून? नाव मला आईवडिलांनी केव्हाच दिलंय.

मी नाही म्हटलं. पंधरा दिवसांनी तिथल्या एका ओळखीच्या नर्सने फोटो पाठवला. भिंतीवर माझाच जिराफ, व्हायनलवर, म्हणजे चिकटवायच्या प्लास्टिकच्या कागदावर छापलेला. स्केचचा फोटो काढून कुणाकडून तरी कॉम्प्युटरवर रंगवून घेतलाय, आणि भिंतीला पुरेना म्हणून आडवा ताणलाय. मान रेड्यासारखी झालीय, वळसा सरकलाय, आणि स्विचबोर्ड आलाय बरोबर जिराफाच्या तोंडात. ओलीवरच चिकटवल्यामुळे माकडाची शेपटी आत्ताच सुटायला लागलीय. छापणाऱ्याला पैसे दिले, बरं का. चिकटवणाऱ्यालाही दिले.

तर पुढची टीप अशी की... नाही, टीप राहू दे. डोकं फिरलंय माझं.

फुकट चित्रं मागणाऱ्यांनो, चित्राला वेळ लागतो हे तुम्हाला कळत नाही असं नाही. चांगलं कळतं, म्हणून तर स्वतः काढत नाही. तीन-चार वर्षांचं पोर माणूस काढताना डोक्यालाच हातपाय का फोडतं, ते कधी बदलतं, घाबरलेलं मूल कागदाच्या कोपऱ्यातच का काढत बसतं आणि तेव्हा त्याच्याजवळ कसं बसायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं शिकतो. ते वापरून घ्यायचं आणि वर आम्हालाच सेवाभाव शिकवायचा? लाज वाटली पाहिजे. आणि नव्या पदवीधरांनो, तुम्हीही ऐका. पैसे ठरायच्या आधी मी स्केच हातात दिलं, हा माझा शुद्ध गाढवपणा. तुम्ही तो करू नका, आणि 'निदान काम तरी दिसेल' म्हणून माझ्या मागून फुकट जाऊन उभेही राहू नका. तुमच्यामुळेच मला असे फोन येतात.

आणि साहेब, जिराफ ठेवा तुमच्याकडेच. ती ओल तेवढी काढा. पोरं झोपतात तिथे.