किल्ली भाऊची, घर मालकाचं, दलाली आपली

जळगावात भाड्याने घर शोधणाऱ्याला घराआधी भाऊ सापडतो. महाबळ असो की पिंप्राळा, फाटकावर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी, पाटीवर मोबाइल नंबर, आणि तो नंबर मालकाचा नसतो. मालक पुण्याला मुलाकडे. "जागा एक नंबर आहे, मालक आपलाच माणूस, या तुम्ही," भाऊ सांगतो. गावातले सगळे मालक त्याचेच असतात. परका काय तो भाडेकरू.

मग खिशातून जुडगा निघतो. किल्ल्यांना चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेनने लिहिलेली आणि घामाने पुसलेली नावं. पाचवी किल्ली अर्धी फिरते, भाऊ दाराला खांदा लावतो, सहावीने दार उघडतं. घर दाखवायची त्याची लाडकी वेळ सकाळी आठची. वरच्या मजल्याचं घर मात्र मे महिन्यात, दुपारी तीनलाच बघावं. पारा ४५ च्या आसपास गेला की स्लॅब खोटं बोलत नाही. खिडकीत कूलर बसतो का, तेही तेव्हाच कळतं. पाण्याचं विचारलं की भाऊ नळ सोडून दाखवतो. ते पाणी टाकीचं! महापालिकेचं किती दिवसांआड येतं आणि बोअर उन्हाळ्यात आटते का, हे खालच्या मजल्यावरच्या वहिनींना विचारावं. त्या खरं सांगतात आणि दलालीही मागत नाहीत.

आता पैशाचं. समजा भाडं ८,००० रुपये, डिपॉझिट २४,००० आणि करार ११ महिन्यांचा. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, यांच्या ०.२५ टक्के, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. किरकोळ खर्च वेगळा. एवढ्यात सरकार करार तपासतं, अंगठे घेतं, दस्त जपून ठेवतं. भाऊ दार उघडतो आणि एका महिन्याचं भाडं घेतो, कधी कधी दोन्ही बाजूंनी. लग्न जुळवणारा मध्यस्थही दोन्हीकडून टॉवेल-टोपी घेतो म्हणा, पण तो निदान पंक्तीला वाढायला तरी उभा राहतो.

या दलालीचा दर कायद्यात नाही, रिवाजात आहे. करार नोंदवायची जबाबदारी मात्र कायद्यात आहे आणि ती मालकाची: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ५५. करार नोंदवलेला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. हे मालकाला फोनवर नुसतं ऐकवावं. नोंदणीला ते पुण्याहून स्वखर्चाने येतात.

माझं म्हणणं सरळ आहे: ज्याने बोलावलं त्याने द्यावं. जर्मनीत २०१५ पासून हाच नियम आहे, न्यूयॉर्कमध्ये जून २०२५ पासून. मालकाने किल्ली भाऊकडे टाकली, तर भाऊ मालकाचा माणूस. "तीन खोल्या, कॉलेजजवळ, बघून द्या" असं आपण सांगितलं, तर दलाली आपली. तिथे कुरकुर नको.

यात एक गोम आहे. मालक दलाली देतात आणि हळूच भाड्यात मिसळतात. ८,००० भागिले ११, म्हणजे महिन्याला सव्वासातशेच्या वर. वर्षात दलाली फिटते, वाढलेलं भाडं मात्र दुसऱ्या वर्षीही तसंच राहतं आणि पुढची दरवाढही त्याच्यावरच होते. दोन-तीन वर्षं राहायचं असेल तर "अर्धी अर्धी करा, भाडं ८,०००च ठेवा" एवढंच म्हणावं. मालकाला ते सहसा पटतं, कारण घर रिकामं राहिलं तर त्यांचे महिन्याला ८,००० जातात.

टोकन भाऊच्या हातात देऊ नये. थेट मालकाच्या खात्यात टाकावं. दलाली अंगठे झाल्यावर आणि किल्ली मिळाल्यावर, तीही ऑनलाइन, म्हणजे नोंद राहते. एकच घर दोन भाऊंनी दाखवलं असेल तर आधी दोघांनाही तसं सांगून टाकावं, नाहीतर सामान चढवताना जिन्यात दोघे भेटतात.

आणि अकरावा महिना लागला की भाऊ पुन्हा उगवतो, "नवीन कराराचे अर्धे" मागायला. म्हणून पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहावं: 'नूतनीकरणाला दलाली नाही. कबूल?' उत्तरात जोडलेले दोन हात येतात. त्यावर खूश होऊ नये. त्या हातांचा अर्थ 'बरं' असाही होतो आणि 'या आता' असाही. भाऊ 'हो' टाइप करेपर्यंत पैसे पाठवू नयेत.