चार टायर हवे आहेत, सरळ उत्तर कुणी देईल का?

तीन आठवडे झाले. चार दुकानं पालथी घातली, रात्री दीड-दीडपर्यंत जागून टायरांची माहिती वाचली, आणि गाडी अजून घरासमोर उभीच आहे. आता डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

सुरुवात झाली मागच्या डाव्या चाकापासून. फेब्रुवारीच्या शेवटी रस्त्यावरच्या मिठाने गाडी पांढरीफटक झाली होती, म्हणून धुवायला घेतली. चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला आणि बोटाला काहीतरी टोचलं. खाली वाकून फोनचा टॉर्च मारला, तर आतल्या कडेचं रबर पार संपून स्टीलच्या तारा बाहेर आलेल्या. केसाएवढ्या बारीक, आणि टॉर्चच्या उजेडात चकाकणाऱ्या. बाहेरच्या बाजूने तोच टायर ठणठणीत दिसत होता. खाचेत क्वार्टरचं नाणं उलटं धरून पाहिलं, तर वॉशिंग्टनच्या डोक्यापर्यंत रबर होतं. या असल्या वेगवान गाड्यांची मागची चाकं वरून जराशी आत कललेली असतात, वळणावर पकड राहावी म्हणून. त्यामुळे आतली कड आधी झिजते. मला हे त्या दिवशी कळलं. पण ज्याचं पोटच या कामावर चालतं त्याला हे माहीत नको? महिन्याभरापूर्वीच ऑइल बदलायला गाडी दिली होती. त्यांच्या कागदावर चारही टायरांपुढे हिरवी खूण! मापपट्टी बाहेरच्या खाचेत खुपसली आणि पुढे गेला, एवढंच केलं असणार त्याने. त्याच टायरांवर मी मुलीला मागे बसवून टर्नपाइकवरून, म्हणजे इथल्या टोलच्या महामार्गावरून, सत्तर मैलांच्या वेगाने जात होते. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

सरकार तपासेल म्हणावं, तर न्यू जर्सीने २०१० च्या ऑगस्टपासून घरगुती गाड्यांची यांत्रिक तपासणी बंदच करून टाकली. आता त्या रांगेत ताटकळायचं ते फक्त धुरासाठी. ब्रेक आणि टायर तुमचे तुम्ही बघा.

बरं, बघते. पण बघायचं कशाच्या आधारावर?

गाडी मागच्या चाकांवर चालणारी जर्मन सेडान आहे. टायरचं माप पुढे २२५/४५, मागे त्याहून रुंद २५५/४०, चारही अठरा इंची आणि चारही रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे. डिकीत जादा चाक नाही, जॅक नाही. पहिल्या दुकानात विचारलं, पावसात कुठला टायर चांगला थांबतो? उत्तर आलं, "ऑल सीझन आहेत, सगळे चांगलेच असतात." दुसऱ्या दुकानात प्रश्न मी विचारत होते आणि तो माणूस उत्तरं माझ्या नवऱ्याला देत होता. नवऱ्याने दोनदा सांगितलं, "गाडी हिची आहे, हिच्याशी बोला." तरी तिसरं उत्तर पुन्हा त्यालाच. आम्ही उठून बाहेर आलो. तिसऱ्या दुकानात तर कमालच झाली. माझ्या गाडीच्या दाराच्या चौकटीवर टायरला झेपणाऱ्या वेगाचं अक्षर व्ही लिहिलंय, आणि हा मला एच देतोय. का? तर "तुम्ही काय एकशेतीस मैलांनी गाडी चालवणार आहात का?" अहो, प्रश्न मी किती वेगाने जाणार याचा नाही. एच म्हणजे १३०, व्ही म्हणजे १४९ मैल हे मलाही माहीत आहे. ते अक्षर टायर उष्णता किती सोसतो तेही सांगतं, आणि ही गाडी ज्यांनी बांधली त्यांनी काहीतरी विचार करूनच ते तिथे लिहिलंय. त्याच्याकडे एचचा साठा पडून होता, एवढीच खरी गोष्ट.

मग म्हटलं, माणसं राहू देत, टायरवर छापलेलं वाचू. आणि खरी तळपायाची आग मस्तकात गेली ती इथे.

टायर किती टिकेल ते सांगणारा ट्रेडवेअर म्हणून एक आकडा असतो. ४००, ५००, ५६०. मला वाटायचं की एखाद्या सरकारी प्रयोगशाळेत सगळे टायर घासून तो काढत असतील. तसं काही नाही. पश्चिम टेक्सासमध्ये ४०० मैलांचा एक ठरलेला फेरा आहे, त्यावर एकूण ७,२०० मैल गाडी पळवायची, शेजारी एक प्रमाण-टायर पळवायचा, त्याला १०० धरायचं आणि झिजेची तुलना करायची. इथवर ठीक. पण ती चाचणी करते कंपनी, आणि टायरवर आकडा छापतेही तीच कंपनी. त्यामुळे एका कंपनीचे ५०० आणि दुसरीचे ५०० शेजारी ठेवून काहीएक कळत नाही. विद्यार्थ्यानेच पेपर लिहायचा, त्यानेच तपासायचा आणि गुण पाठीवर छापून बाजारात यायचं.

त्याच्या शेजारी पकडीचं अक्षर. डबल ए, ए, बी, सी. हे तरी पावसाचं आहे म्हणून बरं वाटलं. ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर ताशी ४० मैलांनी सरळ रेषेत ब्रेक मारून हे ठरतं. फक्त सरळ रेषेत. वळणावर काय होईल, साचलेल्या पाण्यावर टायर तरंगेल का, यातलं काही त्यात येत नाही. आणि मला नेमकी भीती त्याचीच आहे. गेल्या ऑक्टोबरात २८७ नंबरच्या महामार्गावर पाण्याचा एक पट्टा लागला आणि स्टिअरिंग हातात एकदम हलकं पडलं. एक सेकंद असेल फार तर, पण त्या एका सेकंदात गाडी माझी नव्हती. त्याबद्दल टायरवर एक अक्षर नाही.

आणि बर्फ! एम प्लस एस हे शिक्के जवळजवळ प्रत्येक ऑल सीझन टायरवर असतात. चिखल आणि बर्फ. ते मिळायला बर्फावर चाचणी लागत नाही, खाचांची रचना आणि मोकळी जागा ठरल्याप्रमाणे असली की झालं. तीन शिखरांच्या डोंगरातली बर्फाची चांदणी अशी दुसरी एक खूण असते, तिला चाचणी लागते. पण इथल्या त्या चाचणीत काय पाहतात? दाबलेल्या बर्फावर गाडी पुढे ओढताना पकड किती मिळते ते. ब्रेक नाही, वळण नाही. अहो, जानेवारीत माझ्या गल्लीतल्या उतारावर गाडी निघत नसेल तर मी घरी बसेन! गाडी थांबत नसेल तर खाली चौकात शाळेची बस उभी असते. आधी काय तपासायला हवं होतं?

युरोपात २०१२ पासून टायरवर लेबल आहे. ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी, इंधन, आवाज किती डेसिबल, सगळं एका कागदावर, फ्रीजवर असतं तसं. २०२४ च्या जुलैपासून तिथे नव्या प्रकारच्या टायरला झिजलेल्या अवस्थेतही ओल्या रस्त्यावर पास व्हावं लागतं. झिजलेल्या! आपण टायर वर्षानुवर्षं चालवतो ते झिजलेलेच चालवतो ना? इथे २००७ च्या कायद्याने ग्राहकांना टायरची तुलना करता येईल अशी माहिती द्या म्हणून सांगितलं होतं. मी चार दुकानांत पाहिलं, एकाही टायरवर तसलं लेबल नव्हतं. कंपन्या बहुतेक त्याच. अटलांटिकच्या त्या बाजूला जे छापून देतात ते या बाजूला द्यायला काय होतं यांना?

बाबा नाशिकहून फोनवर म्हणाले, "अगं, आपल्याकडे दुकानात गेलं की तासाभरात टायर बसतात, तुला तीन आठवडे कशाला?" त्यांना कसं सांगू? तिथे थंडीचा टायर आणि उन्हाळ्याचा टायर असा प्रश्नच येत नाही. इथे उन्हाळी रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं, आणि बर्फाचं मऊ रबर जुलैच्या ३५ अंशांत लिबलिबीत होतं. ऑल सीझन म्हणजे या दोघांच्या मधली तडजोड. तडजोडीला माझी ना नाही, दोन-दोन सेट ठेवायला माझ्या गॅरेजमध्ये जागा नाही. पण तडजोड कुठे केलीय ते सांगा! ग्रँड टूरिंग, परफॉर्मन्स, अल्ट्रा हाय परफॉर्मन्स, ऑल वेदर, अशी नावांची रांग लावली की उत्तर दिल्यासारखं होत नाही.

वॉरंटीचं तर बोलायलाच नको. ४५,००० मैल असं मोठ्या अक्षरात. खाली बारीक अक्षरात, पुढचे-मागचे टायर ठरावीक मैलांनी अदलाबदल केल्याची नोंद हवी. माझे पुढचे-मागचे मापच वेगळे, अदलाबदल करणार कशी? मग मागच्या दोघांना अर्धीच वॉरंटी. आणि एका बाजूने झिजले तर तीही नाही. म्हणजे या गाडीचे टायर ज्या प्रकारे झिजतात, नेमक्या त्याच प्रकाराला ती लागू नाही.

शेवटी माझं मीच ठरवलं. ओल्या रस्त्यावरची पकड आधी, बाकी सगळं नंतर. आणि रन-फ्लॅटच ठेवायचे. ते कडक असतात, महाग असतात, खड्ड्यात कंबर मोडते, सगळं मान्य. पण हवा पूर्ण गेली तरी ताशी पन्नासच्या आत राहून पन्नासेक मैल नेतात, आणि रात्री अकरा वाजता मुलीला घेऊन टर्नपाइकच्या कडेला उभं राहायची माझी तयारी नाही. चौदाशे डॉलर झाले. चौथ्या दुकानात ऑर्डर दिली, आगाऊ पैसे भरले, आणि तारांवरची गाडी रस्त्यावर काढायला नको म्हणून परवाच्या शनिवारी ती टो करून तिथे नेली. त्याचे पैसे वेगळे.

टायर बसवण्याआधी बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचले. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढच्या दोघांवर ११२५. मागच्या दोघांवर ३८२१. सप्टेंबर २०२१! साडेचार वर्षांपूर्वीचे टायर मला नवे म्हणून, नव्या भावात. काउंटरवरचा म्हणतो, "वापरलेले नाहीत ना, मग नवीनच झाले." रबर गोदामात पडून असलं तरी जुनं होतंच, हे मी त्याला समजावायचं? मी नको म्हणून सांगितलं. त्याने असा चेहरा केला जसं काही मीच आडमुठेपणा करतेय. मी जागची हलले नाही. मॅनेजर आला, त्याने मागचे दोन नव्याने मागवले. अजून दहा दिवस.

गाडी पुन्हा टो करून घरी आणली. रोज सकाळी एडिसन स्टेशनवरून ट्रेनने जातेय आणि मुलीला शेजारची सोडते. दहा दिवसांनी फोनचा टॉर्च घेऊन जाणार आहे, आणि चारही टायरांवरचे अंक माझ्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय चावी देणार नाही.