मेगावॅट वाढवा, डीपीचं नंतर बघू

उद्या चुकून तुमच्याकडे ऊर्जाखातं आलंच तर घाबरून जाऊ नका. त्याला विजेतलं काही कळावं लागत नाही, फक्त मेगावॅट हा शब्द न अडखळता म्हणता आला पाहिजे. बाकीचं मी सांगतो, एवढ्यात बराच अभ्यास झालाय माझा.

बोलायचं ते कायम लाखांत. देशाची स्थापित क्षमता ५ लाख मेगावॅटच्या वर गेली, हे वाक्य पाठ करून ठेवा. कुणी विचारलं की मग आमच्या वस्तीवर संध्याकाळी बल्ब लालसर का पेटतो, तर तेच वाक्य जरा मोठ्याने म्हणा.

प्रकल्प आणायचा तर मोठाच आणा. दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाचा आदर्श समोर ठेवा. १९९५ ला रद्द केला, १९९६ ला आधीपेक्षा मोठा करून परत आणला, १९९९ ला पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ च्या मे महिन्यात बंद, कारण ती वीज घेणं राज्याच्या वीज मंडळाला परवडेना. म्हणजे त्या पहिल्या खेपेला बांधण्यात जेवढी वर्षं गेली तेवढी चालवण्यात नाही गेली. जैतापूर तर त्याहून निवांत. ९९०० मेगावॅट, २०१० ला फ्रान्सचे अध्यक्ष इथं असताना करार झाला, अजून एक अणुभट्टी उभी नाही. पण भाषणात ते ९९०० पकडायला कुणाची हरकत?

जागेचाही फार विचार करू नका. औष्णिक केंद्राला कोळशाबरोबर भरपूर पाणीही लागतं म्हणतात, तरी परळीला केंद्र आहेच की, २०१५ ला पाण्यावाचून सगळे संच थंड पडले एवढंच.

राख चंद्रपूरला, वीज मुंबई-पुण्याला. ही वाटणी मोडू नका.

गावं उजळायची असतील तर आधी व्याख्या वाचा. २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरच्या लायसांग गावात वीज पोचली आणि देशातलं प्रत्येक गाव उजळलं असं जाहीर झालं. नियम काय, तर शाळा, पंचायत वगैरेंना वीज आणि १० टक्के घरांत कनेक्शन असलं की गाव पास. दहातली नऊ घरं अंधारात असली तरी पास! आमच्या वेळी गणितात पण असं असतं तर मी इंजिनियर झालो असतो.

आता डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर. तिच्याकडे अजिबात बघायचं नाही, कारण डीपीची फीत कापता येत नाही. आमच्या मळ्यातली डीपी बरोबर कांद्याच्या आंबवणीला, लागणीनंतरच्या दुसऱ्या पाण्याला, जळाली. जळणारच होती, ६३ केव्हीएची डीपी, ५ एचपीच्या दहा-बारा मोटरी तिने ओढाव्यात, तिच्यावर कागदोपत्रीच त्याच्या दुप्पट, आकडेवाले वेगळे. पेटीला दार नाही, फ्यूज बसवायचे किटकॅट कधीच गायब, त्यांच्या जागी अॅल्युमिनियमची जाड तार पिळून घातलेली, डीपी थंड ठेवणारं ऑईल गळून गळून खाली सगळं काळं झालेलं आणि त्यावर धूळ बसून लगदा. त्यात प्रत्येक मोटरीला आपोआप चालू करणारा ऑटो, लाईट आली की सगळ्या एकदम सुरू, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. ऑटो लावू नका म्हणून साहेब लोक ज्ञान देतात, आम्हाला पण कळतं हो, पण रात्रपाळीची लाईट आल्यावर मध्येच ट्रिप होऊन परत कधी येईल हे कुणीच सांगत नसेल तर माणसाने काय विहिरीवर अंथरूण टाकायचं? बरं, तक्रार केली. वायरमन म्हणाला साहेबांना भेटा. साहेब म्हणाले सगळ्यांच्या सह्या आणि लोड लिहून आणा. आणलं, तर डीपी आहे पण ऑईल नाही. ऑईल आलं, तर गाडी नाही. मग वर्गणी काढली, ट्रॅक्टर आमचा, डिझेल आमचं, चढवायला-उतरवायला पोरं आमची, चहापाणी आमचं. एवढं करून आणली ती रिपेअरची, रात्री लोड आला आणि धूर! परत सह्या, परत साहेब, तोवर रोपं माना टाकून वाफ्याला चिकटली.

आणि म्हणे शेतीला वीज मोफत. २०२४ पासून, ७.५ एचपीपर्यंत. जी येतच नाही ती मोफत द्यायला काय जातंय?

लाईट शेतीला रात्रीच द्या. बिबट्यालाही माणसं भेटली पाहिजेत.

सोलर पंप सांगायला विसरू नका, ढगाळ दिवसांत मात्र फोन उचलू नका.

जाऊ दे, नाही जमत मला आता हे हसून लिहायला. अरे, रात्री दोन वाजता काठी अन् बॅटरी घेऊन उसात पाणी धरायला एकदा तरी आलाय का तुमच्यातला कोणी? नवीन केंद्र बांधा, नका कोण म्हणतंय, वीज लागणारच आहे. पण हजारो कोटी घालून तयार केलेली वीज आमच्या बांधापर्यंत येते ती गंजक्या खांबांवरून, झोळ पडलेल्या तारांतून, आणि तिथं जाऊन अडते ती कशावर, तर ड्रमभर ऑईलवर! लाज वाटायला पाहिजे. आणि जे शहरात बसून मेगावॅटचे आकडे फॉरवर्ड करतात ना, त्यांनी पण जरा गप्प बसा, तुमच्याकडे दहा मिनिटं लाईट गेली की सोसायटीच्या ग्रुपवर बोंब असते. आमच्याकडे खांबावर चढतो तो कंत्राटी पोरगा, ग्लोव्हज नाहीत, बेल्ट नाही, पगार वेळेवर नाही, आणि त्याला चिकटून काही झालं तर तो आपला माणूसच नाही म्हणून हात वर करतात. पुढचं भूमिपूजन नंतर करा. आधी वायरमनच्या जागा भरा, पेट्यांना दारं बसवा आणि ६३ च्या जागी १०० ची डीपी द्या, चालू असलेली.