‘टाकाऊ माल’ म्हणणाऱ्या वाचकांस

महोदय (की महोदया? नाव लिहिलेलं नसल्याने कळायला मार्ग नाही),

एकेकाळी न खपलेल्या आणि आज महागलेल्या जुन्या मनगटी घड्याळांवरच्या माझ्या लेखाला तुमची प्रतिक्रिया अशी: “त्या काळी कुणी घेतलं नाही म्हणजे ते टाकाऊच होतं. आज लिलाववाल्यांनी भाव चढवला आणि लेखकमहाशय टाळ्या पिटताहेत.” मतभेदाला माझी ना नाही. पण ‘लेखकमहाशय’ कशासाठी? साधं ‘लेखक’ म्हटलं असतं तर मुद्दा हलका झाला असता का?

असो. लेखातला फोटो धूसर होता, हे तुमचं म्हणणं बरोबर. बदलला आहे.

आता ‘टाकाऊच होतं’ याबद्दल. रोलेक्सचं डेटोना हे क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, १९६३ मध्ये आलं. त्याची एक्झॉटिक डायल, म्हणजे आतल्या छोट्या डायलींवर चौकोनी टोकांच्या खुणा असलेली, गिऱ्हाइकाला भडक वाटायची. त्यात १९६९ मध्ये झेनिथ, ह्यूअर, सेइको या कंपन्यांचे ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे क्रोनोग्राफ आले आणि डेटोनाला मात्र १९८८ पर्यंत रोज चावी द्यावी लागत होती. खपणार कसं? पण आतलं यंत्र व्हालजू ७२ या स्विस यंत्रावर बेतलेलं, म्हणजे त्या काळच्या उत्तम क्रोनोग्राफ यंत्रांपैकी एक. मी विद्यार्थी असल्यापासून जुन्या घड्याळांची मागची झाकणं उघडत आलो आहे. टाकाऊ यंत्र कसं दिसतं ते मला कृपया शिकवू नका.

खप नव्हता म्हणूनच त्या डायली थोड्या निघाल्या. नंतर नजर बदलली, पण जुना माल काही नव्याने वाढत नाही. आणि भाव लिलाववाल्यांनी चढवला म्हणता, तर हॉलिवूड अभिनेते पॉल न्यूमन यांचं स्वतःचं, तशाच डायलचं डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कला पावणेदोन कोटी डॉलरांहून अधिक किमतीला गेलं, त्याच्या कितीतरी आधीपासून संग्राहक त्या डायलला न्यूमन यांच्याच नावाने ओळखत होते. हातोडा शेवटी पडला हो.

निव्वळ प्रसिद्धीने भागतं म्हणावं तर ह्यूअरचं चौकोनी मोनॅको घ्या. हॉलिवूड अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनच्या मनगटावर ते पडद्यावर झळकलं, तरी सत्तरच्या दशकातच बंद पडलं. आज त्याच जुन्या मोनॅकोंच्या शोधात लोक फिरतात. तेव्हा त्याला चौकोनीपणा नडला, आता तोच हवासा झाला आहे.

“न खपलेली बाकीची असंख्य घड्याळं आजही कवडीमोलच आहेत, त्यांचं काय?” असंही तुम्ही विचारलंय. आहेत ना. लेख त्यांच्यावर नव्हता.

लिलाववाले मला पैसे देतात का, या प्रश्नाला उत्तर देत नाही. तो विचारायचा असेल तर आधी स्वतःचं नाव लिहा.